मधलं सोडून सगळं दिसतं

८ सप्टेंबर, सोमवार

आज दुरुस्तीला तीन ठिकाणी बोलावणं. वकीलसाहेबांची 'स्क्रीन मेली' होती – पुसता पुसता फडकं बटणांवर दाबलं गेलं आणि ब्राइटनेस शून्यावर. कॉलेजात प्रोजेक्टर 'नो सिग्नल' म्हणून रडत होता – केबल लावलेली होती, पण शेजारच्या बंद कॉम्प्युटरला. दातांच्या डॉक्टरांकडे मॉनिटरवर सगळं गुलाबी. तिथे निदान केबलची पिन वाकलेली निघाली. चिमट्याने सरळ केली आणि पेशंटचे दात पुन्हा पिवळे झाले. डॉक्टर खूश!

आठला बायकोचा व्हिडिओ फोन. केस विंचरून मोठ्या मॉनिटरसमोर बसलो. वरच्या मजल्यावरची ताई – माझी सख्खी मोठी बहीण, त्यामुळे तोंडाला कुलूप नाही – म्हणते, बायको घरात होती तेव्हा कधी विंचरले नाहीस, आता काचेसमोर बसायला विंचरतोस.

बायको जूनमध्ये नोकरीला गेली. बहिऱ्या मुलांची निवासी शाळा, रात्रभर गाडीत बसावं लागतं एवढी लांब. एका वर्षापुरती मुख्याध्यापिका. आज म्हणाली, संस्था तिला कायम करते आहे. पंधरा ऑक्टोबरच्या आत सही करायची, नाहीतर मार्चनंतर घरी.

"तुला काय वाटतं?"

"तुझं तू ठरव," मी म्हणालो.

ती बराच वेळ हललीच नाही. मला वाटलं, चित्र अडकलं. नेट तपासलं, ठीक होतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

काय वाटतं म्हणे! वाटतं, परत ये. सकाळी दोन कप मांडतो आणि एक परत ठेवतो, असं वाटतं. तिची उशी मी धुतलेली नाही. हे सगळं त्या मॉनिटरपुढे बसून कसं सांगायचं? आणि का सांगायचं? जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली राबली, तिच्याहून लहान माणसांनी तिच्या योजना स्वतःच्या नावावर खपवल्या. आता कुठे खुर्ची मिळाली आहे. त्या खुर्चीचा पाय मी ओढू?

म्हणून 'तुझं तू ठरव.' बरोबरच बोललो.

११ सप्टेंबर, गुरुवार

घरचा मॉनिटर बिघडला. चित्रात तिच्या मागे खोलीचं दार आहे, त्याची चौकट मध्येच बाक घेते. आणि तिच्या नाकाच्या जागी पुसट धब्बा, बोट फिरवल्यासारखा. काच पुसली. गेला नाही. लोहाराच्या घरी कोयती बोथट म्हणतात ते हेच.

१४ सप्टेंबर, रविवार

आख्खा रविवार त्या मॉनिटरवर गेला.

आमच्या धंद्यात एकच नियम. एका वेळी एकच वस्तू बदलायची. दोष ज्या वस्तूबरोबर फिरतो, ती दोषी. चार वस्तू एकदम बदलणारा कारागीर नव्हे, तो जुगारी. तर आधी केबल बदलली. तसंच. मग रिझोल्यूशन, कारण पडद्याचं माप आणि चित्राचं माप जुळलं नाही तर अक्षरं पुसट होतात. तसंच. मग रिफ्रेश रेट. मग दुसरा कॉम्प्युटर. शेवटी दुकानातला कोरा मॉनिटर घरी आणला, ज्याची मी गिऱ्हाइकाला हमी देतो.

त्यावरही तसंच!

ताई भाजी द्यायला आली होती. कोपऱ्यात वायरींचा ढीग, मधे मी. "हा वाकडा, तोही वाकडा. नाचता येईना अंगण वाकडं असं तर नाही ना रे?" म्हणाली. मी म्हटलं, ताई, भाजी ठेव आणि जा.

आता उरला तिचा कॅमेरा. संध्याकाळी तिला पुसायला लावला. तिने पदराने पुसला, दोनदा.

"आता दिसते?"

"दिसतेस," म्हणालो. दिसत होतं ते असं – केसात खोचलेला चष्मा, खांदे, मागचं दार. मधलं सोडून सगळं.

१५ सप्टेंबर, सोमवार

दातांच्या डॉक्टरांच्या मॉनिटरवरही धब्बा. एकाच आठवड्यात तीन मॉनिटर, एकाच जागी? वीजच खराब असणार. व्होल्टेज तपासायचं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

कॉलेजात भांडण झालं.

भूगोलाच्या मॅडमच्या वर्गात प्रोजेक्टर नव्याने टांगला होता, नकाशे नीट दिसावेत म्हणून मला बोलावलं. चित्र वर रुंद, खाली अरुंद पडत होतं. प्रोजेक्टर तिरपा टांगला की असं होतं, ते दोन बटणांचं काम. मग तपासायला चौकटी-चौकटींचं चित्र लावलं. कडेच्या चौकटी सुरेख. मधल्या सगळ्या आत ओढल्यासारख्या, पिशवीत दगड घातल्यावर पिशवीची जाळी ताणली जाते तशा. मी म्हटलं, मॅडम, भिंग गेलंय, परत पाठवा.

मॅडम म्हणाल्या, "मला तर सरळ दिसतंय."

मी म्हटलं, "तुम्हाला सवय नाही. मी रोज हेच बघतो."

त्यांनी मागे वर्गात विचारलं. सगळा वर्ग म्हणाला, सरळ. मी म्हटलं, वर्ग मॅडमच्याच बाजूने बोलणार! मॅडम चिडल्या नाहीत. फळ्याजवळची लांब लाकडी पट्टी उचलली आणि पडद्यावरच्या एका रेघेला लावून धरली. "हे बघा. रेघ पट्टीला चिकटून आहे की नाही?"

होती. रेघ पट्टीला अगदी चिकटून होती. आणि पट्टी वाकलेली होती. लाकडी पट्टी. तिला केबल नाही, सोर्स नाही, भिंग नाही.

मी म्हणालो, "हो मॅडम, सरळ आहे." पिशवी उचलून निघालो. स्क्रूड्रायव्हर तिथेच राहिला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

घरातल्या सगळ्या सरळ वस्तू बघून झाल्या. खिडकीचे गज. फरशीच्या रेघा. कपाटाची कड. एकही सरळ नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

एका वेळी एकच.

डावा डोळा हाताने झाकला. समोरच्या कॅलेंडरच्या मधोमध राखाडी भोक. कडेच्या तारखा दिसतात, मधला आठवडा गायब. उजवा झाकला. आकडे आहेत, पण वितळल्यासारखे.

तीन मॉनिटरांना, एका प्रोजेक्टरला, विजेला आणि बायकोच्या कॅमेऱ्याला दोष देऊन झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर दोन्ही बाजूंनी माझ्याच नाकाला टेकून बसलेला.

भीती वाटते आहे. इथे लिहायला हरकत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टर बाई वयाने लहान आहेत, पण घाई करत नाहीत. माझ्या डोळ्यांचे आतले फोटो त्यांनी मॉनिटरवर दाखवले. मॉनिटरचा रंग जरा निळ्याकडे झुकलाय असं वाटलं. बोललो नाही. आता माझ्या मताला काय किंमत?

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब होतो आहे. उजव्याचा कधीच गेला. "डावा ओढत होता ना, म्हणून तुम्हाला कळलं नाही," म्हणाल्या. आता डाव्यात पाणी साठतंय. त्यात इंजेक्शनं द्यायची, दर महिन्याला. डोळ्यात! "आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येईलच असं नाही. पूर्ण अंधार होणार नाही, कडेचं दिसत राहील."

मी विचारलं, "चेहरे?"

"चेहरे अवघड जातात," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर भिंतीवरचा आमचा दोघांचा फोटो काढून अगदी नाकाजवळ धरला. माझा चेहरा नाही दिसला तरी चालेल.

२३ सप्टेंबर, मंगळवार

एका वाक्याचं काम आहे. 'डोळे चाललेत' म्हटलं की ती उद्याच्या गाडीत बसेल. सही नाही, शाळा नाही, खुर्ची नाही. येईल, थेंब घालेल, रस्ता ओलांडून देईल. जूनपासून मला हेच हवं होतं ना? ती इथे, या घरात.

दुपारभर मनातल्या मनात ते वाक्य म्हणून पाहिलं. चांगलं बसलं होतं.

आठला फोन आला. तिच्या शाळेत मुलांनी नाटक बसवलंय, एकही शब्द न बोलता, आणि पाहुणे हसून हसून बेजार झाले. सांगताना ती दोन्ही हातांनी बोलत होती – आजकाल घरच्यांशीही तशीच बोलते. एवढी आनंदात मी तिला कधी बघितलं होतं? (बघितलं म्हणजे, हात बघितले.)

वाक्य गिळलं. ती डोळ्यांसाठी यायला नको. आली तर माझ्यासाठी यावी.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पहिलं इंजेक्शन. सुईपेक्षा सुईची वाट बघणं वाईट. काळा चष्मा लावून घरी आलो. ताईला सांगितलं, डोळे आलेत. ती जिन्यातूनच परत गेली, म्हणाली बरा होईपर्यंत माझ्या कपबश्यांना हात लावू नकोस. चला, एक साक्षीदार कमी झाला.

हे जाड शाईच्या पेनाने लिहितो आहे. ओळी उतरणीला लागल्यात, त्यांना कोण विचारतंय.

२८ सप्टेंबर, रविवार

आज दिसली!

बोलता बोलता किती वाजले म्हणून स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे नजर गेली, आणि डावीकडे ती – पूर्ण. हनुवटीवरचा तीळ. भुवयांमधली ती उभी आठी, जी मी काही मूर्खासारखं बोललो की पडते. पुसट होतं, पण होतं. दचकून सरळ बघितलं तर गेली. पुन्हा घड्याळाकडे बघितलं तर आली.

म्हणजे तिला बघायचं असेल तर तिच्याकडे बघायचं नाही. ठीक आहे. तेही शिकू. फोन संपेपर्यंत घड्याळावरून नजर हलवली नाही. तिने तिकडच्या पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी सांगितलं, मी ऐकलं नाही. नुसता बघत होतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

"बाजूला कोण आहे?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"मग सारखा तिकडे काय बघतोस? तीन दिवस बघते आहे."

"टीव्ही चालू आहे," मी म्हणालो.

"बंद कर ना मग."

आता टीव्ही बंद करायचा म्हणजे सरळ बघायला हवं. सरळ बघितलं. नाकाच्या जागी धब्बा, धब्ब्यातून तिचा आवाज. दोन मिनिटं तग धरला. मग राहवलं नाही. नजर घड्याळाकडे गेली आणि तिची आठी मला अगदी स्वच्छ दिसली.

"ठीक आहे, तू टीव्ही बघ," म्हणाली. फोन ठेवला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज फोन नाही. मॉनिटर मात्र लावून बसलो होतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज ती थोडंच बोलली. शाळेतल्या एका लहान मुलीबद्दल सांगितलं. तिच्याशी बोलताना बाईंनी मान फिरवली की ती मुलगी बाईंची हनुवटी धरते आणि तोंड स्वतःकडे वळवून घेते. तिला ओठ दिसायला हवेत ना.

"मला इतक्या लांबून तसं करता येत नाही," म्हणाली.

मग म्हणाली, "पंधरा तारीख आली. काही म्हणायचंय तुला?"

सांगायचं होतं ते सगळं राहिलं. "तुला योग्य वाटेल ते कर." हेच निघालं! पढवलेला पोपट बरा.

तिने मान हलवली. "मला वाटलं होतं, निदान एकदा तरी ये म्हणशील."

ती कधीपासून हे ऐकायला बसली होती? आणि मी समजत होतो की न बोलून तिच्यावर उपकार करतोय.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कॉलेजात गेलो, स्क्रूड्रायव्हर आणायला. मॅडमनी तो कपाटात जपून ठेवला होता. म्हटलं, त्या दिवशी चूक माझी होती. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. पण तुम्ही इतके घाबरलेले दिसलात की मी पुढे बोलले नाही." चहा पाजला. तिथेच एक काम निघालं – प्रोजेक्टर दहा मिनिटांत बंद पडायचा. हात लावला तर तापलेला. जाळीचा फिल्टर चाचपून काढला, धुळीने गच्च. झटकून बसवला, चालला. हे अजून बोटांना येतं. बारीक स्क्रू मात्र दोनदा पडला आणि दोनदा मॅडमनीच शोधून दिला.

येताना रस्त्यात कुणीतरी "नमस्कार" म्हणालं. आवाजावरून वकीलसाहेब असावेत.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज बोललो. सगळं जसंच्या तसं उतरवतो.

तिने फोन लावला, जेवलास का विचारलं. म्हटलं, ते जाऊ दे. मला तू इथे हवी आहेस.

"का?" म्हणाली.

ते डोळ्यांचं वाक्य जिभेवर अगदी तयार होतं. त्याला आत ढकललं. म्हटलं, कारण काही नाही. घर चालू आहे, मी जेवतो, कपडे धुतो. पण सकाळी दोन कप मांडतो. तुझ्याशी भांडायला समोर कोणी नाही. तू गेल्यापासून मला करमत नाही, आणि हे मी जूनमध्येच सांगायला हवं होतं. आणि तू ती शाळा सोडावीस असंही मला वाटत नाही. दोन्ही वाटतं. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही, पण यापुढे 'तुझं तू ठरव' म्हणणार नाही.

बोलताना मी घड्याळाकडेच बघत होतो. तिला वाईट वाटलं तर वाटो, मला तिचा चेहरा हवा होता. ती रडत होती. ओठ घट्ट मिटून, नाक पुसत.

"एवढं बोलायला पावसाळा संपावा लागला," म्हणाली. आणि मग, "मला विचार करू दे."

१५ ऑक्टोबर, बुधवार

पंधरा. फोन आला नाही. मीही केला नाही. सही केली असेल. करावीच. चांगली मुख्याध्यापिका आहे ती.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आजही नाही. ताईने कपबश्यांवरची बंदी उठवली. जेवायला वर बोलावलं होतं, गेलो नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी दार वाजलं. उघडलं तर समोर कोणी नाही. जिन्याच्या कठड्याशी, डावीकडे, ती. प्रवासाने चुरगळलेली, केसात चष्मा, हनुवटीवर तीळ. दारासमोर यायलाच तयार नाही, तिथेच उभी.

"इथून दिसते ना?" म्हणाली.

मी तिला डोळ्यांचं अक्षरही सांगितलेलं नाही. जन्मभर मुलांच्या नजरा वाचणारी बाई, तिने माझीही वाचली होती. "कधी कळलं?" विचारलं. म्हणाली, टीव्ही म्हणालास त्याच दिवशी. टीव्हीचा आवाज कुठे होता? मग म्हणाली, "पण मी डोळ्यांसाठी आले असते तर तू कधी ये म्हणालाच नसतास."

"सही केलीस?"

"केली."

बरं, म्हणालो. आत येऊन बसली. चहा ठेवला, दोन कप काढले. परतीची गाडी कधी, ते मग विचारलं.

"उद्या संध्याकाळी," म्हणाली. "दोन तिकिटं काढलीत."